मेलबॉक्स हलवताना जुनं दार लगेच बंद करू नका

या वेळी पत्रं उघडून बसलो तर बरीचशी एकाच गोष्टीची निघाली. ईमेलचा सर्व्हर बदलायचाय, मेलबॉक्स हलवायचेत, कुणी अर्ध्यात अडकलंय तर कुणी अजून हात घालायलाच घाबरतंय. म्हणून हा अख्खा अंक त्यालाच दिला. पहिलं उत्तर लांबलंय, पण ते लांबणारच होतं.

प्रश्न: नमस्कार दादा. आमची शिरोलीत फौंड्री आहे, ऑफिस शाहूपुरीत. ४२ मेलबॉक्स आहेत, सगळे मिळून १८० जीबी भरतात. जुन्या मशीनवर मेल ने-आण करणारं पोस्टफिक्स आणि बॉक्स सांभाळणारं कुरिअर चालतंय, २०१९ च्या पुरात तेच मशीन तळमजल्यावरनं खांद्यावर घालून वर नेलं होतं, आता ते कधी बसेल सांगता येत नाही. नवीन व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा सर्व्हर घेतलाय, त्यावर कुरिअरच्या जागी डोव्हकॉट टाकलंय. मालक म्हणतात रविवारी रात्री सुरू कर आणि सोमवारी सकाळी सगळं नव्यावर पाहिजे. कस्टमरची ड्रॉइंगं, ऑर्डरी, रिजेक्शनची भांडणं सगळं मेलमध्येच आहे. काय जाणार तर नाही ना?
— सिस्टीम बघणारा एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: एका रात्रीत होणार नाही भावा, आणि हे मालकांना आजच सांगा, सोमवारी सकाळी सांगायची वेळ येऊ देऊ नका. हिशोब साधा आहे. ऑफिसच्या लाईनला २० एमबीपीएस अपलोड धरला तर सेकंदाला अडीच एमबी, तासाला ९ जीबी, म्हणजे १८० जीबीला सलग २० तास, ते पण दुसरं कुणी लाईनला हात लावला नाही तर. प्रत्यक्षात ह्याहून जास्तच लागतात, कारण प्रत्येक मेलसाठी दोन्ही सर्व्हरचं वेगळं बोलणं होतं, त्यामुळं दोन लाख बारक्या मेल असलेला बॉक्स हा दोन हजार मोठ्या मेल असलेल्या बॉक्सपेक्षा कितीतरी जास्त वेळ खातो, जरी जीबी सारखेच दिसले तरी.

पण म्हणून ऑफिस बंद ठेवायची पण गरज नाही. सगळे मेल एकदम हलवायचेच नाहीत, आधी नुसती कॉपी करायची, ती पण परत परत. जुना सर्व्हर चालू, लोक काम करतायत, मेल येतायत जातायत आणि मागच्या बाजूनं इमॅपसिंक नावाचं मेल कॉपी करायचं टूल एकेक बॉक्स नव्या सर्व्हरवर उतरवून घेतंय, कुणाला पत्ता पण लागत नाही. पहिली फेरी आठवडाभर आधी सुरू करा, सगळ्यात जड बॉक्स आधी घ्या. दुसऱ्या दिवशी रात्री तीच कमांड परत चालवा, ह्या वेळी ते प्रत्येक मेलचं हेडर, म्हणजे मेलच्या डोक्यावरची माहिती बघतं, त्यातला मेसेज-आयडी हा ओळख-नंबर जुळला की ती मेल सोडून देतं आणि फक्त नवीन आलेली तेवढी नेतं. पहिल्या फेरीला २० तास लागले असतील तर नंतरची रात्रीची फेरी खूपच लवकर उरकते. रविवार रात्रीसाठी शेवटची छोटी फेरीच उरते आणि मालकांना पाहिजे तशी सोमवारची सकाळ मिळते.

सुरुवात स्वतःच्या मेलबॉक्सपासून करा. आधी ‘ड्राय’ लावून, म्हणजे काय होईल ते नुसतं दाखवतं, करत काही नाही. मग फक्त फोल्डर तयार करून बघा. कुरिअरवर सगळे फोल्डर ‘इनबॉक्स’ आणि त्यापुढं टिंब असे इनबॉक्सच्या पोटात असतात, डोव्हकॉटवर साध्या सेटिंगमध्ये तसं नसतं. इमॅपसिंक हे स्वतः ओळखून बदलतं, पण कुणाच्या आउटलुकमध्ये किंवा फोनमध्ये रूट फोल्डर म्हणून ‘इनबॉक्स’ लिहून ठेवलेलं असलं की स्विचच्या दिवशी त्या माणसाला सगळे फोल्डर गायब दिसतात आणि तो घाबरून तुम्हाला फोन करतो. मेल जाग्यावरच असतात, ते सेटिंग तेवढं पुसायचं.

आता ह्यातली खरी धोक्याची जागा सांगतो, कारण तिथं मी स्वतः पडलोय. इमॅपसिंकमध्ये ‘डिलीट टू’ म्हणून ऑप्शन आहे, जुन्यावर जी मेल नाही ती नव्यावरनं पण काढून टाकायची. तो लावायला लागतो त्याला कारण आहे. फेऱ्या चालू असताना लोक जुन्या सर्व्हरवर मेल डिलीट करत असतात, ह्या फोल्डरातनं त्या फोल्डरात टाकत असतात, आणि ऑप्शन नसला तर टाकलेल्या मेल नव्यावर परत उगवतात, हलवलेल्या मेल दोन-दोन ठिकाणी दिसतात. काही वर्षांपूर्वी एका ऑफिसचं काम करताना मी रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये तो ठेवला होता. सकाळी एमएक्स, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरवर जायची ते सांगणारी नोंद फिरवली, नव्या सर्व्हरवर मेल यायला लागल्या, आणि अकराच्या सुमारास शेवटची फेरी म्हणून तीच स्क्रिप्ट परत चालवली. नव्यावर सकाळपासून आलेल्या मेल जुन्यावर असणार कुठनं? सगळ्या पुसल्या गेल्या. १९ मेल होत्या. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये कुणाकडनं कुणाला हे सापडलं, विषय नाही सापडत, मग एकेकाला फोन करून परत पाठवायला लावल्या. त्यातली एक टेंडरची होती आणि त्या माणसाचा तो दिवस कसा गेला ते मी बघितलंय. तेव्हापासून एमएक्स फिरवायच्या आधीची स्क्रिप्ट वेगळ्या फाईलमध्ये, नंतरची वेगळ्या फाईलमध्ये, आणि नंतरच्या फाईलमध्ये डिलीट हा शब्द औषधाला पण नसतो. तुम्ही पण तसंच करा, एकच फाईल एडिट करत बसू नका.

एमएक्सचं म्हणाल तर दोन दिवस आधी डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या वहीत, त्याचा टीटीएल, म्हणजे ती नोंद बाकीच्यांनी किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा, ३०० सेकंदांवर आणा. बऱ्याच ठिकाणी तो ८६४०० असतो, म्हणजे २४ तास, आणि ऐनवेळी कमी करून उपयोग नसतो कारण जगभरातल्या सर्व्हरनी जुना आकडा आधीच लक्षात ठेवलेला असतो. मध्येच थोडा वेळ नवा सर्व्हर बंद पडला तरी जीव टांगणीला लावू नका, पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून परत परत प्रयत्न करत राहतो, पोस्टफिक्स तर साध्या सेटिंगवर पाच दिवस. फक्त नव्या सर्व्हरनं ‘असा माणूस इथं नाही’ असं उत्तर देता कामा नये, ते दिलं की मेल लगेच परत जाते. म्हणून ४२ च्या ४२ खाती आणि त्यांची टोपणनावं, म्हणजे सेल्स, अकाउंट्स, परचेस असले अलायस, एमएक्सच्या आधी नव्यावर तयार पाहिजेत. अलायस विसरणं हा सगळ्यात जास्त वेळा होणारा घोळ आहे.

आणि एमएक्स फिरवला म्हणजे सगळी मेल नव्यावर जाते असं समजू नका. जुन्या पोस्टफिक्सला अजून वाटत असतंय की हे डोमेन माझंच. ऑफिसातला स्कॅनर, बिलिंगचं सॉफ्टवेअर, फौंड्रीतला एखादा रिपोर्ट पाठवणारा कॉम्प्युटर, हे सगळे जुन्याच सर्व्हरचा पत्ता धरून बसलेले असतात आणि त्यांनी पाठवलेली मेल जुना सर्व्हर स्वतःच्याच बॉक्समध्ये टाकतो, बाहेर डीएनएसला विचारतच नाही. म्हणून एमएक्स फिरवला की लगेच जुन्यावर ते डोमेन लोकलच्या यादीतनं काढा, रिलेच्या, म्हणजे पुढं पाठवायच्या यादीत टाका आणि ट्रान्सपोर्टमध्ये नव्या सर्व्हरचा पत्ता द्या. वेबसाईट सीपॅनेल ह्या होस्टिंगच्या पॅनेलवर असली तर तिथं पण ईमेल राउटिंग ‘लोकल’वरनं ‘रिमोट’ करायला लागतं, नाहीतर चौकशीचा फॉर्म भरलेल्या मेल महिनोन्महिने तिथंच एका बॉक्समध्ये पडून राहतात, आणि तुम्ही म्हणताय चौकश्या का येईनात.

मग मोजा. प्रत्येक बॉक्सच्या प्रत्येक फोल्डरमध्ये जुन्यावर किती आणि नव्यावर किती. इमॅपसिंक शेवटी आकडे देतंच, ते वाचा. थोडा फरक दिसला तर बहुतेक वेळा सेंट आणि ड्राफ्ट फोल्डरात असतो, तिथल्या काही मेलना मेसेज-आयडीच नसतो आणि टूल त्यांना ओळखू शकत नाही म्हणून सोडून देतं, त्याला ‘ॲडहेडर’ नावाचा ऑप्शन आहे. ट्रॅश कॉपी करायचं का नाही हे स्वतः ठरवू नका, माणसाला विचारा. बघून झालेली मेल ट्रॅशमध्ये टाकायची आणि लागली की तिथनंच शोधायची अशी सवय असलेली माणसं मी बऱ्याच ऑफिसात बघितली आहेत, त्यांच्यासाठी तो कचरा नाही, कपाट आहे.

जुनं मशीन महिनाभर तरी बंद करू नका. बाहेरची मेल घेणं आठवड्यानं बंद करा, पण डिस्क राहू दे, आणि वरच्याच मजल्यावर राहू दे.

प्रश्न: सर, आमच्या संस्थेचा मेल सर्व्हर जुन्या मशीनवरनं नव्यावर नेला, दोन्हीकडं मेलडिर आहे म्हणून फोल्डरच्या फोल्डर कॉपी केले. मेल सगळ्या आल्या, पण आता २०१५ पासूनच्या सगळ्या मेलवर एकच तारीख दिसतेय, ज्या दिवशी कॉपी केलं ती. ऑडिटर आलेत आणि तारखेवरनं काहीच सापडत नाही. परत पहिल्यापासून करायला लागेल का?
— कार्यालयातले एक कर्मचारी, राजारामपुरी

उत्तर: पहिल्यापासून नको, तारखा अजून तुमच्याकडंच आहेत. एका मेलला दोन तारखा असतात. एक आतल्या हेडरमधली, पाठवणाऱ्यानं घातलेली, ती कधी बदलत नाही. दुसरी सर्व्हरनं स्वतः ठेवलेली, मेल माझ्याकडं कधी आली ती, आणि बरीच प्रोग्रॅम यादी लावताना हीच दुसरी वापरतात. मेलडिरमध्ये प्रत्येक मेल म्हणजे एक फाईल, आणि डोव्हकॉट त्या फाईलची बदलल्याची वेळ हीच आल्याची वेळ म्हणून धरतं. साध्या कॉपीनं ती वेळ ‘आत्ता’ होते. आरसिंक हे कॉपीचं टूल वेळ राखायचा ऑप्शन लावून चालवलं असतं तर हे झालंच नसतं.

आता फाईलचं नाव बघा. सुरुवातीला दहा आकडे असतात, मग टिंब, मग बाकीचं. ते दहा आकडे म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद, मेल पहिल्यांदा डिस्कवर पडली त्या क्षणाचे. समजा नाव १५६५०००००० नं सुरू होतंय, तर ती मेल ५ ऑगस्ट २०१९ ची, दुपारी ३ वाजून ४३ मिनिटांची, आपल्याकडं पुराचं पाणी चढत होतं त्या दिवसातली. नाव कॉपी करताना बदललेलं नाही, म्हणजे खरी वेळ प्रत्येक फाईलच्या कपाळावर लिहिलेली आहे. एक छोटी स्क्रिप्ट लिहून नावातले आकडे घ्यायचे आणि टच कमांडनं फाईलची वेळ तेवढी करायची. ज्या मेल कुणीतरी मागं एकदा दुसऱ्या सर्व्हरवरनं ओढून आणल्या होत्या त्यांच्या नावात मात्र ओढल्याची वेळ असते, तिथं हेडरमधल्या सगळ्यात वरच्या ‘रिसीव्ह्ड’ ओळीतली तारीख घ्या. हे झालं की डोव्हकॉटची इंडेक्स कॅशची फाईल काढून टाका, कारण त्यानं चुकीची तारीख तिथं लिहून ठेवलेली असते, ती परत आपोआप तयार होते. शेवटी लोकांच्या प्रोग्रॅममध्ये फोल्डर परत सिंक करायला लावा. आधी एका फोल्डरची दुसरीकडं कॉपी काढून तिच्यावर करून बघा, ऑडिटर बसलेत म्हणून घाई करू नका. आणि ऑडिटरना तोपर्यंत मेल उघडून आतली तारीख दाखवा, पुरावा म्हणून तीच खरी आहे.

प्रश्न: आमची मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. गुजरातच्या व्यापाऱ्यांच्या नावानं मराठीत फोल्डर केलेत, मे. अमुक ट्रेडिंग, मे. तमुक ब्रदर्स असे. सर्व्हर बदलल्यावर ‘मे’ नावाचा एकच फोल्डर दिसतोय आणि त्याच्या पोटात बाकीचे सगळे. दुसरे काही फोल्डर तर & आणि पुढं इंग्लिश अक्षरांची खिचडी असे दिसतात. मेल गेल्या का?
— एक अडत व्यापारी

उत्तर: आबा, मेल आहेत. ‘मे’ च्या पुढं तुम्ही जे टिंब दिलंय त्यानं हे झालं. तुमच्या जुन्या सर्व्हरवर फोल्डर आणि पोटफोल्डर वेगळे करायला तिरकी रेघ वापरत होते, तिथं टिंब म्हणजे साधं अक्षर. नव्यावर मेलडिरच्या पद्धतीत टिंब हेच विभागायचं चिन्ह आहे, म्हणून त्यानं ‘मे’ एक आणि पुढचं नाव त्याच्या आतलं असं वाचलं. तुमच्या मुलाला किंवा जो कोण बघतोय त्याला सांगा, जुना सर्व्हर अजून असेल तर त्यावरच फोल्डरांची नावं टिंब काढून नुसती ‘मे’ आणि मोकळी जागा अशी करायची आणि मग परत आणायची. जुना नसेल तर नव्यावरच नावं बदला, मेलला धक्का लागत नाही.

खिचडीचं कारण वेगळं आहे. आयमॅपमध्ये, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून बघायच्या पद्धतीत, फोल्डरचं नाव देवनागरीत असलं की ते आतून एका खास पद्धतीनं लिहितात, सुरुवातीला &, मग इंग्लिश अक्षरं, शेवटी छोटी आडवी रेघ. आपल्याला दाखवताना प्रोग्रॅम ते परत मराठी करतो. तुमच्याकडं कॉपी करणाऱ्या स्क्रिप्टनं आधीच लिहिलेलं नाव परत एकदा त्याच पद्धतीनं लिहिलंय, आणि साधं & लिहायची तिथली रीत म्हणजे & आणि पुढं आडवी रेघ, त्यामुळं नावात ‘&-’ अशी जोडी दिसत असेल तर हेच झालंय म्हणून समजा. ते फोल्डर हातानं मराठीत परत नाव देऊन टाका. व्यापाऱ्यांची नावं मराठीत ठेवणं सोडू नका, चूक तुमच्या भाषेची नाही, स्क्रिप्टची आहे.

प्रश्न: हुपरीत चांदीचं काम आहे आमचं. सर्व्हर बदलला त्या सकाळी हिशोबाच्या कॉम्प्युटरवर ११ हजार मेल परत उतरायला लागल्या, सगळ्या जुन्याच. ताईंनी वायर काढली. आता काय करू?

उत्तर: ताईंनी बरोबर केलं. तो कॉम्प्युटर पॉपवर, म्हणजे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या पद्धतीवर आहे आणि ‘मेल सर्व्हरवर राहू दे’ ची खूण लावलेली आहे. पॉपमध्ये कुठल्या मेल उतरवून झाल्या हे कॉम्प्युटर प्रत्येक मेलच्या एका ओळख-नंबरावरनं लक्षात ठेवतो, नव्या सर्व्हरनं नंबर नवे दिले की त्याच्या दृष्टीनं सगळ्याच मेल नव्या. पॉपला फक्त इनबॉक्स दिसतो, बाकीचे फोल्डर दिसत नाहीत. म्हणून वेबमेलमधनं जाऊन सर्व्हरवरच्या इनबॉक्समधल्या जुन्या मेल ‘जुने’ नावाच्या फोल्डरात हलवा आणि मग वायर लावा. दुबार उतरलेल्या तेवढ्या कॉम्प्युटरवरनं काढा. सवडीनं ते खातं आयमॅपवर न्या, एका कॉम्प्युटरच्या डिस्कवर सगळा हिशोब अडकून राहणं बरं नाही.

प्रश्न: सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत लिहून घेतले तर चालेल का? त्याशिवाय प्रत्येकाचा बॉक्स उघडणार कसा?

उत्तर: नाही चालणार, आणि घेतले असतील तर ती पानं आज फाडा. तोच पासवर्ड लोक बँकेला पण वापरतात, ही जबाबदारी तुमच्या वहीला पेलणारी नाही. डोव्हकॉटला मास्टर युजर करता येतो, एकाच पासवर्डनं प्रत्येक बॉक्स उघडतो, काम झालं की तो काढून टाकायचा. लोकांचे पासवर्ड जुन्या सर्व्हरवर हॅश करून, म्हणजे त्यावरनं मूळ पासवर्ड कळणार नाही अशा रूपात ठेवलेले असतात, ते हॅश जसेच्या तसे नव्यावर नेले तर लोकांना जुनाच पासवर्ड चालतो आणि तुम्हाला तो कधी दिसत पण नाही. एमडी५-क्रिप्ट, एसएचए५१२-क्रिप्ट ह्या दोन्ही पद्धतींचे हॅश डोव्हकॉटला वाचता येतात. एमडी५ असला तर नंतर सगळ्यांना बदलायला लावा, ते जुनं झालंय.

प्रश्न: मेल आल्या पण कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर आलं नाही. सुट्टीवरचं आपोआप उत्तर पण बंद झालं.

उत्तर: आयमॅप फक्त मेल आणि फोल्डर नेतं. कॉन्टॅक्ट व्हीकार्डच्या फाईलनं, कॅलेंडर आयसीएसच्या फाईलनं वेगळं काढून आणायचं. नियम आणि सुट्टीचं उत्तर सर्व्हरवर असतं, ते नव्यावर परत लिहायलाच लागतं. जुनं चालू आहे तोवर काढून घ्या.

प्रश्न: सगळं नीट झालं पण आता आमच्या मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जातात. कागलच्या एमआयडीसीतल्या आमच्या पार्टीनं तीन कोटेशनं बघितलीच नाहीत.

उत्तर: डीएनएसमध्ये तीन गोष्टी बघा. एसपीएफमध्ये, म्हणजे तुमच्या नावानं मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरच्या यादीत, नव्या सर्व्हरचा आयपी टाकला का, डीकेआयएमची, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीची नवी किल्ली टाकली का, आणि आयपीवरनं उलटं नाव विचारलं तर तुमच्या सर्व्हरचं नाव येतं का. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल ह्या बाबतीत कडक झालंय. पहिल्या दोन तुमच्या हातात आहेत, तिसरी व्हीपीएस देणाऱ्याच्या पॅनेलमधनं किंवा त्याला सांगून करायला लागते. एसपीएफमधनं जुना आयपी लगेच काढू नका, ऑफिसातला एखादा स्कॅनर अजून जुन्या सर्व्हरवरनंच पाठवत असेल. आणि पार्टीला आजच फोन करा, तीन कोटेशनं परत पाठवा, त्यांनी स्पॅममधनं काढून ‘स्पॅम नाही’ दाबलं की तेवढी मदत होते.